सतत उत्तर दिशा कळत राहिली तर? (पट्टा, थरथर आणि जास्तीचं इंद्रिय)

दिशाहीन · ३ फेब्रुवारी, २२:१७

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की गेले २३ दिवस मी कंबरेला एक पट्टा बांधून फिरतोय. रुंद इलॅस्टिक, आतून शिवलेल्या ८ चपट्या मोटरा (मोबाईल थरथरतो ना, त्याच जातीच्या), एक होकायंत्राचा सेन्सर आणि हे सगळं चालवणारा एक ईएसपी-३२ बोर्ड (छोटासा संगणकच). काम एकच. त्या क्षणी जी मोटर उत्तरेकडे असेल ती थरथरते. उत्तरेकडे तोंड केलं की पोटावर, पूर्वेला वळलो की डाव्या कुशीत, उत्तरेला पाठ केली की कण्याशी. झोपताना आणि अंघोळीला काढतो, एरवी दिवसभर अंगावर.

का केलं, तर माझं नाव वाचा. हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडून लिफ्टच्या उलट्या बाजूला चालू लागणारा माणूस आहे मी.

पहिले चार दिवस नुसता वैताग. खाज, घाम, आणि शेजारी बसलेला प्रत्येक जण "तुमचा फोन वाजतोय" म्हणणार. आठवड्याभरात थरथर जाणवेनाशी झाली, म्हणजे लक्ष दिलं तर आहे नाहीतर नाही, घड्याळाच्या टिकटिकीसारखं. मग दुसऱ्या आठवड्यात जिना आला. ऑफिसचे चार मजले मी रोज चढतो, आणि प्रत्येक वळणावर थरथर पोटावरून कुशीत, कुशीतून पाठीत अशी माझ्याभोवती फिरायची. एक दिवस चढता चढता एकदम वाटलं की ही फिरतच नाहीये, ही एका जागी उभी आहे आणि मीच तिच्या आत गोल गोल फिरतोय. तिथेच कठडा धरून थांबलो. मागून येणाऱ्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का.

तेव्हापासून बारीकसारीक गोष्टी कळायला लागल्यात ज्या कोणी विचारल्या नव्हत्या. घरच्या बाथरूमचा आरसा आणि ऑफिसातली माझी खुर्ची, दोन्हीकडे माझं तोंड एकाच दिशेला असतं. मीटिंगच्या बंद खोलीत साहेब कायम दक्षिणेला पाठ करून बसतात. माझ्या टेबलाशी तर गंमतच, तिथे उत्तर बरोबर दोन मोटरांच्या मधोमध येते, त्यामुळे जरा हललो की ही-ती, ही-ती असा खेळ दिवसभर.

प्रश्न दोन. याला नवीन इंद्रिय म्हणायचं की नुसत्या गुदगुल्या? आणि तुम्हाला असं एक जास्तीचं मिळणार असेल तर काय घ्याल?

तिरकस · ३ फेब्रुवारी, २२:३१

समोरचा माणूस "दोनच मिनिटं बोलायचं होतं" म्हणणार आहे हे दहा मिनिटं आधी कळेल असा पट्टा द्या. पाठीत थरथरला तरी चालेल, पळायला बरं.

बेडूकराव · ३ फेब्रुवारी, २२:४४

वाचतोय. त्या जिन्यातल्या बाईंचं पुढे काय झालं?

मृण्मयी · ३ फेब्रुवारी, २३:०५

जिन्याचा परिच्छेद दोनदा वाचला, अंगावर काटा आला.

फक्त इंद्रियं पाच आणि हे सहावं, असं कुणी म्हणायच्या आत सांगते, पाच हा आकडा शाळेपुरता ठीक आहे. डोळे मिटून बोट नाकाला लावा. लागलं ना? हात कुठे आहे हे डोळ्यांनी सांगितलं नाही, स्नायू आणि सांध्यांतल्या संवेदकांनी सांगितलं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, डोकं कुठे वळतंय ते त्या कळवतात. भूक, तहान, गरम-गार, वेदना हे वेगळंच. आणि यातली बरीचशी दिवसभर मुकाट काम करतात, तोल नावाचं काही आपल्याकडे आहे हे भोवळ आल्यावर कळतं. म्हणून दिशाहीन, तुमची थरथर जाणवेनाशी झाली हीच मला सगळ्यात चांगली खूण वाटते.

संशयात्मा · ३ फेब्रुवारी, २३:५२

मला यात इंद्रियबिंद्रिय काही दिसत नाही. कंबरेला जे कळतंय तो स्पर्श आहे आणि स्पर्श जुनाच आहे. त्याच्यावर तुम्ही एक माहिती लादलीय आणि सवयीने ती माहिती तुम्ही झटकन वाचताय, टायपिंग शिकलेल्या माणसाला अक्षरं शोधावी लागत नाहीत तसं. मोबाईलमधलं होकायंत्र दिवसभर डोळ्यासमोर धरलं तरी हेच होईल. फरक इतकाच की हात मोकळे.

जिन्यातला अनुभव खोटा म्हणत नाहीये. पण माणसाला जिन्यात काहीही वाटू शकतं.

खटपट्या · ४ फेब्रुवारी, ००:२०

तत्त्वज्ञान चालू द्या, मला आधी सांगा मोटरा थेट बोर्डाच्या पिनला जोडल्या नाहीत ना? मी एकदा जोडल्या होत्या. पिनची ताकद जेमतेम ४० मिलिअँपिअर, मोटर सुरू होताना १०० च्या आसपास खेचते, एका संध्याकाळी बोर्ड गेला. मध्ये ट्रान्झिस्टर पाहिजेच आणि मोटरला उलटा डायोड.

दुसरं म्हणजे सेन्सर कुठे ठेवलायस? प्रत्येक मोटरच्या पोटात चुंबक असतो, सेन्सर शेजारी शिवला की तुझी उत्तर म्हणजे मोटर नंबर तीन. आणि कलाची दुरुस्ती आहे का? म्हणजे बुटाची नाडी बांधायला वाकलास की उत्तर पळते का?

टेबलापाशी जो खेळ चाललाय त्याला हिस्टेरेसिस टाक. सीमा ओलांडून ५-१० अंश पुढे गेल्याशिवाय मोटर बदलूच नये, दोन ओळींचं काम आहे.

दिशाहीन · ४ फेब्रुवारी, ०८:१२

@खटपट्या ट्रान्झिस्टर आहेत, डायोड आहेत. सेन्सर पहिल्यांदा पट्ट्यातच होता आणि दोन दिवस मी "उत्तर नेहमी डावीकडेच असते" या भ्रमात होतो. :) आता तो शर्टाच्या वरच्या खिशात, लांब वायरीवर. वाकलो की पळायची, म्हणून अ‍ॅक्सेलरोमीटर (कल मोजणारा सेन्सर) जोडून दुरुस्ती घातली. हिस्टेरेसिस मुद्दाम नाही टाकत, तो खेळ आता आवडायला लागलाय.

लिफ्टमध्ये मात्र विचारू नका. सगळीकडून पोलाद, सेन्सर बावचळतो, पट्टा वेड्यासारखा गोल फिरतो आणि मला चक्क मळमळतं.

@संशयात्मा हातातलं होकायंत्र मी आधी वापरून पाहिलंय हो. तिथे आधी प्रश्न पडावा लागतो, मग मी बघणार. इथे प्रश्न पडायच्या आधीच उत्तर आलेलं असतं. (कोटी नकळत झाली, पण राहू दे.)

वाचकमात्र · ४ फेब्रुवारी, ११:४०

एरवी लिहीत नाही, पण या विषयावर गप्प बसवत नाही.

१९६९ साली 'नेचर'मध्ये पॉल बाख-इ-रीता आणि सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. त्यांनी दंतवैद्याची खुर्ची घेतली आणि तिच्या पाठीला ४०० कंपक बसवले, २० गुणिले २०. समोर टीव्ही कॅमेरा. कॅमेऱ्याला जे दिसेल त्याची आकृती अंध माणसाच्या पाठीवर उमटायची. सरावाने माणसं खुर्ची, टेलिफोन, ओळखीचे चेहरे ओळखायला लागली.

इथपर्यंत संशयात्मा म्हणतात तसंच, पाठीवरची लिपी वाचणं. गंमत पुढे आहे. कॅमेरा दुसऱ्या कुणी हलवला तर लोकांना पाठीवर नुसती वळवळ जाणवायची. स्वतः हलवला तर थोड्या वेळाने वस्तू पाठीवर जाणवेनाशी व्हायची आणि 'समोर' आहे असं वाटायचं. एकदा प्रयोग करणाऱ्याने न सांगता झूम फिरवला. आकृती पाठीवर एकदम मोठी झाली, तसा तो माणूस हात वर करून मागे झाला, समोरून काहीतरी अंगावर आल्यासारखा. कंपक पाठीवर होते हे ध्यानात घ्या.

म्हणजे माहिती कुठल्या कातडीतून आत शिरते याला फारसं महत्त्व नाही, माझ्या हालचालीने ती बदलते की नाही याला आहे. मान वळवली की दृश्य सरकतं तसंच. दिशाहीनचा पट्टा नेमकं हेच करतो, त्याच्या प्रत्येक वळण्याला उत्तर देतो. नोटिफिकेशनचा व्हायब्रेट हे करत नाही, म्हणून तो दहा वर्षं खिशात थरथरला तरी इंद्रिय होत नाही.

सुलूताई · ४ फेब्रुवारी, १३:२६

वाचकमात्र, नाव बदला आता. सुंदर लिहिलंत.

माझ्या वडिलांची नजर साठीनंतर गेली. पांढरी काठी घेतली तेव्हा सुरुवातीला म्हणायचे, मुठीत धक्के बसतात. वर्षभराने एकदा त्यांच्याबरोबर चालत होते तर म्हणाले, "पुढे ओलं आहे, बाजूने ये." मी विचारलं, हाताला कसं कळलं? तर माझ्याकडे असं तोंड केलं जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. म्हणाले, "हाताला कुठे, टोकाला कळलं." त्यात ना बॅटरी होती ना मोटर.

संशयात्मा · ४ फेब्रुवारी, १५:०२

सुलूताई, हे मान्य. वाचकमात्र, झूमचा किस्सा माहीत नव्हता, चांगला आहे. पण दोन्हीकडे जुनं इंद्रिय नव्या वाटेने परत आलंय. पाहणं होतं, ते गेलं, ते पाठीतून किंवा काठीतून आलं. जे माणसाकडे मुळात कधी नव्हतंच ते येतं का, हा धाग्याचा प्रश्न आहे ना? कबुतराला दिशा कळते, शार्कला विजेचं क्षेत्र कळतं, काही सापांना उष्णता 'दिसते'. आपल्याला यातलं काही येत नाही. तिथे मोटर लावून काही नवीन 'वाटतं' का नुसतं 'कळतं'?

पांथस्थ · ४ फेब्रुवारी, २१:१५

वाटतं, पण सगळ्यांना नाही. असाच पट्टा जर्मनीत ऑस्नाब्रुक विद्यापीठात पीटर क्योनिग यांच्या गटाने केला होता, २००५ मध्ये त्यांचा लेख आला. चार जणांनी सहा आठवडे घालून सराव केला. दिशा ओळखण्याच्या कामात फायदा झाला, पण "जगाचा अनुभवच बदलला" असं सांगणारे त्यातले निम्मेच. म्हणजे दोन. बाकीच्या दोघांना शेवटपर्यंत ती थरथरच राहिली. त्यामुळे इथे दिशाहीन आणि संशयात्मा दोघंही बरोबर असू शकतात, वेगवेगळ्या कंबरांवर. :) त्याच कामातून पुढे एक कंपनी निघाली आणि १६ मोटरांचा पट्टा विकायला आला, मुख्यतः अंध लोकांसाठी.

अवांतर: यंत्राशिवायही हे जमतं. ऑस्ट्रेलियात गूगू यिमिथिर नावाची भाषा आहे, तिच्यात दिशा सांगताना डावं-उजवं नाही, उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिमच. म्हणजे "तुझ्या डाव्या पायाशी मुंगी आहे" असं न म्हणता "तुझ्या उत्तरेकडच्या पायाशी". बोलायचं तर चोवीस तास दिशा माहीत हवी, आणि ती असते, बंद खोलीतसुद्धा. अजून अवांतर: कांगारू हा शब्द याच भाषेतून आला, १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या लोकांनी टिपला.

तिरकस · ४ फेब्रुवारी, २१:२२

म्हणजे दिशाहीनने पट्ट्याऐवजी व्याकरण बदललं असतं तरी काम झालं असतं. आणि खाज नाही.

कावळा · ४ फेब्रुवारी, २३:१०

पट्टे कसले बांधताय, बोटात चुंबक घाला. माझ्या एका मित्राने अनामिकेच्या टोकात तांदळाएवढा निओडिमियम चुंबक बसवून घेतलाय, मायक्रोवेव्हजवळ हात नेला की बोटात गुणगुण होते म्हणतो. भिंतीतल्या वायरीसुद्धा कळतात म्हणे.

खटपट्या · ४ फेब्रुवारी, २३:३४

भिंतीचं थोडं वाढवून सांगतोय तुझा मित्र. जाणारी आणि येणारी वायर चिकटून असतात, दोघींची क्षेत्रं एकमेकांना जवळपास मारून टाकतात. ट्रान्सफॉर्मर, मोटर, चार्जर मात्र नक्की कळणार, त्यांची सांडलवंड बाहेर असते.

मृण्मयी · ५ फेब्रुवारी, ०९:५०

कावळेबुवा, मित्राला एवढं सांगा की एमआरआय काढायची वेळ आली तर मशीनच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी बोटाबद्दल बोलायचं. तिथे विसरभोळेपणा चालत नाही. शिवाय वरचं आवरण फुटलं तर निओडिमियम शरीरात गंजतो, त्या कहाण्या वाचून ठेवा. हौसच असेल तर चुंबकाची अंगठी घाला, थोडं कमी कळेल पण काढता येते.

आणि धाग्याचा विषय अंगावर घालायच्या वस्तू असा आहे, अंगात घालायच्या नाही.

अनुजा_ · ५ फेब्रुवारी, १९:०८

अंगातलं थोडं चालेल का? माझ्या उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे आवाजाचे विजेचे संदेश करून थेट कानाच्या नसेला देणारं यंत्र.

माझ्या यंत्रात २२ इलेक्ट्रोड आहेत. धडधाकट कानात आतल्या ओळीच्या केसपेशीच साडेतीन हजारांच्या घरात असतात. चालू केलं त्या दिवशी ऑडिओलॉजिस्टबाई बोलत होत्या आणि मला ऐकू येत होत्या शिट्ट्या आणि पत्र्यावर पडणारे खिळे. रडले घरी येऊन. तीन महिन्यांनी त्याच खिळ्यांमधून आईचा आवाज निघाला, आणि आता तो तिचाच आवाज आहे, पूर्वी वेगळा होता का हे सांगता येत नाही. तेव्हा "सवयीने वाचताय" हे शब्द मला जरा लागतात, संशयात्मा. मी आईचा आवाज वाचत नाही.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. रात्री बाहेरचा प्रोसेसर काढून ठेवावा लागतो, मग मी पूर्ण बहिरी. त्यासाठी मनगटावरचा एक पट्टा घेतला होता, आवाजाचं थरथरीत रूपांतर करणारा. पहिल्याच आठवड्यात मध्यरात्री जाग आली, मनगटावर बारीक, एकसारखी, न थांबणारी थरथर. फोन नाही, बेल नाही. उठून घरभर फिरले, स्वयंपाकघराकडे गेलं की वाढायची, बाहेर आलं की कमी. नळ चालू राहिला होता. तो नळ मी मनगटाने शोधून काढला, त्या रात्री किती आनंद झाला होता सांगता येणार नाही.

दोन वर्षं वापरला. मग कंपनीने ॲप बंद केलं, फोनचं अपडेट आलं आणि पट्टा जुळेना. ईमेलला आभाराचं छापील उत्तर आलं. वस्तू धडधाकट आहे, ड्रॉवरमध्ये पडलीय.

दिशाहीन · ५ फेब्रुवारी, १९:४०

अनुजा, नळाबद्दल वाचून शब्द नाहीत. पट्टा कुठला ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी आणि खटपट्या मिळून काही जमतंय का बघतो. (खटपट्या, तुला न विचारता सांगितलं.)

खटपट्या · ५ फेब्रुवारी, १९:४३

विचारायचं काय त्यात.

संशयात्मा · ५ फेब्रुवारी, २०:१५

अनुजा, 'वाचताय' शब्द मागे घेतो. मनापासून.

वाचकमात्र · ५ फेब्रुवारी, २२:०२

अनुजा म्हणतात त्याचं मोठं रूप होऊन गेलंय. आर्गस-२ नावाचं डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं रोपण होतं, ६० इलेक्ट्रोडचं, जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी बसवून घेतलं. कंपनीने २०१९ मध्ये ते बनवणं थांबवलं, पुढे पैशाचे वांधे झाले, आणि डोळ्यात यंत्र असलेल्या माणसांना सुटे भाग आणि दुरुस्ती मिळेना. हौसेचा पट्टा बंद पडणं वेगळं आणि हे वेगळं. म्हणून असल्या वस्तूंचा कोड उघडा हवा असं मला वाटतं, निदान कंपनी हात वर करेल त्या दिवशी तरी.

शर्करावंत · ६ फेब्रुवारी, ०७:३०

मी उलट बाजूने बोलतो. मला एक जास्तीचं इंद्रिय सक्तीने मिळालंय.

टाइप १ मधुमेह, २६ वर्षं. पूर्वी साखर घसरली की हात थरथरायचे, घाम यायचा, म्हणजे शरीर ओरडून सांगायचं. बऱ्याच वर्षांनी ते ओरडणं बंद होतं, अनेकांचं होतं. आता दंडावर सेन्सर आहे, दर काही मिनिटांनी फोनवर आकडा. तो रक्तातली नाही, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे ५ ते १५ मिनिटं मागे असतो. म्हणजे माझं इंद्रिय कायम थोडं भूतकाळात.

पहिलं वर्ष मी त्या आकड्याचा गुलाम होतो. रात्री तीनला अलार्म, सिनेमात अलार्म, भांडणाच्या ऐन मध्यात अलार्म. दिशाहीनला उत्तर दिशा कळली नाही तर काही बिघडत नाही, म्हणून ती गोड लागते. जे कळणं चुकवता येत नाही ते गोड लागत नाही.

पण हल्ली फोन बघायच्या आधी मी मनात आकडा धरतो, खेळ म्हणून. बऱ्याचदा दहा-पंधराच्या फरकाने बरोबर येतो. कशावरून, विचाराल तर सांगता येणार नाही, जिभेच्या मागे काहीतरी, खांद्यात काहीतरी. डॉक्टरांनी बजावलंय की त्याच्यावर विसंबायचं नाही आणि मी विसंबत नाहीच. तरी ते सेन्सरने शिकवलेलं की माझंच जुनं परत आलेलं, हे मला कळत नाही.

मृण्मयी · ६ फेब्रुवारी, १०:११

शर्करावंत, अख्ख्या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. डॉक्टरांचं ऐका मात्र.

आजोबा_ऑनलाइन · ६ फेब्रुवारी, १७:४५

आपल्या जुन्या दर्शनांत इंद्रिय आणि गोलक असा भेद आहे. डोळ्याचा गोळा हे गोलक, पाहण्याची शक्ती हे इंद्रिय. गोलक शाबूत असून दिसत नाही असं होऊ शकतं. तुमच्या चर्चेत पट्टा हे गोलक झालं. इंद्रिय झालं की नाही हे पट्टा उघडून कळायचं नाही.

तिरकस · ६ फेब्रुवारी, १७:५८

आजोबा, दंडवत. बाकी नील हार्बिसन राहिलाच की. जन्मापासून फक्त करडं दिसतं, २००४ पासून डोक्यावर अँटेना, रंगांचे सूर ऐकतो. त्यात अवरक्त आणि अतिनीलसुद्धा जोडून घेतलेत, म्हणजे तुमच्या-आमच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याला ऐकू येतं. संशयात्मा, हे 'मुळात नसलेलं' धरणार का?

संशयात्मा · ६ फेब्रुवारी, २१:३०

धरतो, अर्ध. त्याला काय वाटतं ते त्यालाच माहीत, आपल्याला त्याचं सांगणं फक्त. म्हणूनच मी दिशाहीनला एक प्रयोग सुचवतो. १८९० च्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटनने जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्याला लावून दिवसच्या दिवस काढले होते, एकदा तर आठ दिवस. तसंच करायचं. कोडमध्ये दिशेत काही अंश मिळवून टाकायचे, पण ते तुम्ही नाही, दुसऱ्याने, आणि कोणत्या दिवशी ते तुम्हाला न सांगता. पट्टा ही तुमच्यासाठी वाचायची माहिती असेल तर तुम्ही म्हणाल "पट्टा चुकतोय". इंद्रिय असेल तर म्हणाल "मी कुठे आलोय?"

खटपट्या · ६ फेब्रुवारी, २१:३३

वा! वायफायवरून ऑफसेट बदलता येईल असं करून देतो.

दिशाहीन · ६ फेब्रुवारी, २२:०५

तयार. भाऊ घरातच असतो, त्याच्या हातात देतो. त्याला हे काम फार आवडेल याची भीती वाटते.

बेडूकराव · ९ फेब्रुवारी, १४:००

काय झालं पुढे? (आणि जिन्यातल्या बाई?)

दिशाहीन · १९ फेब्रुवारी, २२:४८

उशीर झाला, माफी. सांगतो.

गुरुवारी सकाळी नेहमीसारखा निघालो. रस्त्यात काहीतरी खटकत होतं, वाटलं झोप झाली नाही. ऑफिसचा जिना चढलो, चौथ्या मजल्यावर दार ढकललं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच पक्कं वाटलं की हा आपला मजला नव्हे. दारावरचा आकडा वाचला. चार. तरी पाय उचलेना. खाली तिसऱ्यावर जाऊन आलो, खरंच. परत वर येऊन आत गेलो तर सगळं ओळखीचं, माणसं तीच, माझं टेबल तिथेच, पण कुणीतरी अख्खी इमारत उचलून आडवी वळवून ठेवल्यासारखी. दुपारपर्यंत डोकं जड, थोडी मळमळ, लिफ्टमध्ये होते तशी. पट्टा चुकतोय हे मनात आलं ते जेवायच्या सुट्टीत, आणि तेही आलं म्हणण्यापेक्षा हा प्रयोग आठवला म्हणून.

भावाला फोन केला. ९० अंश, पहाटे पाचला उठून केले होते त्याने.

बाईंना त्याच दिवशी पुन्हा भेटलो, बेडूकराव. तिसऱ्या मजल्यावर. त्या लांबूनच वळल्या.

संशयात्मा · १९ फेब्रुवारी, २३:२०

तिसऱ्या मजल्यावर जाऊन आलात हे मला पुरे आहे. पाऊण मान्य.

पाव राखून ठेवतो कारण प्रयोग होणार हे तुम्हाला माहीत होतं.

मृण्मयी · १९ फेब्रुवारी, २३:२६

पाऊण म्हणजे संशयात्मांच्या हिशेबात जल्लोषच आहे.

अनुजा_ · २० फेब्रुवारी, २०:१०

खटपट्यांनी माझा पट्टा जागा केला! रंगीत ॲप वगैरे नाही, एक साधं काळं पान आहे आणि त्यावर एकच बटण. काल रात्री मनगटावर पाऊस आला.

खटपट्या · २० फेब्रुवारी, २०:१८

त्यांनीच अर्धं काम केलं, मी फोनवरून सूचना देत होतो. दिशाहीन, ऑफसेट परत शून्य केला ना? आणि पुढचं व्हर्जन १२ मोटरांचं कर, त्याहून जास्त नको. पाठीला दोन टोचे वेगळे कळायला मध्ये चारेक सेंटिमीटर लागतात, बोटाला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. कंबरेवर गर्दी करून उपयोग नाही.

दिशाहीन · २१ फेब्रुवारी, ०९:४१

भाऊ म्हणतो शून्य केला. पण आज सकाळपासून टेबलाशी बसलोय आणि तो दोन मोटरांचा खेळ होतच नाहीये, एकच थरथरतेय, निवांत.

खटपट्या · २१ फेब्रुवारी, ०९:४४

हिस्टेरेसिस टाकलास का शेवटी?

दिशाहीन · २१ फेब्रुवारी, ०९:४५

नाही.

तिरकस · २१ फेब्रुवारी, ०९:४६

मोबाईलचं होकायंत्र काढ आणि बाहेर मोकळ्यावर जाऊन बघ.

दिशाहीन · २१ फेब्रुवारी, १०:१२

तीनदा बघितलं. बरोबर २० अंश. भावाला फोन लावतोय.